आराखड्यातलं वहिनींचं वाक्य

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधली आमची कंपनी दुसऱ्यांसाठी विचार करून द्यायची. पुढच्या काही वर्षांत काय करायचं हे ज्यांना ठरवायचं असे, ते आमच्याकडे येत. आम्ही ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचो, नीट बांधायचो आणि छापून त्यांच्या हातात ठेवायचो. मी त्यातला लिहिणारा. पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, आलो तेव्हा सॉफ्टवेअर लिहीत होतो. पुढे माझं इंग्रजी बरं आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मी वाक्यं लिहायला लागलो. त्यातल्या एका वाक्याबद्दल हे सांगतो आहे. ते मी लिहिलं आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडी घातलं.

देशातल्या सगळ्या जुगारावर, कॅसिनोपासून फोनवरच्या बेटिंगपर्यंत, देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा पुढचा आराखडा करायचं काम त्या वर्षी आम्हाला मिळालं. मोठं काम होतं. आमची डिरेक्टर, उंच, झपाझप बोलणारी बाई, पहिल्याच दिवशी म्हणाली की हे नीट पार पडलं तर पुढचा टप्पाही आपलाच. मग काचेच्या खोलीत बैठका सुरू झाल्या. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. पिवळ्यावर धोके, हिरव्यावर संधी. दोन आठवड्यांत चिठ्ठ्यांचे चार खांब, म्हणजे चार मुख्य विषय, झाले. आमच्या धंद्यात आराखड्याला खांब लागतातच, आणि ते तीनपेक्षा कमी असले तर ग्राहकाला कमी मिळाल्यासारखं वाटतं. चौथ्या खांबाचं नाव होतं 'समाज आणि कुटुंब'.

संस्थेच्या बाजूनं या कामावर एक अधिकारी होते. पन्नाशीचे, चिनी, हळू बोलणारे. बैठकीला स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येत आणि इतरांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडत नसत. चौथ्या खांबाचा कच्चा मसुदा वाचून ते म्हणाले, "यात कुटुंबाबद्दल आपण बोलतोय. कुटुंबातलं कुणीच बोलत नाहीये."

डिरेक्टर म्हणाली, माणसं मिळवून देणारी एजन्सी आहे, त्यांच्याकडून दोन-तीन जण बोलावू. मी तेव्हाच हात वर केला. म्हणालो, "मी एकांना ओळखतो."

आजही तो हात आठवला की कानशिलं तापतात.

ज्यांना ओळखतो म्हणालो त्या माझ्या मित्राच्या पत्नी. मी त्यांना वहिनी म्हणतो. मित्र आणि मी पुण्यात एका कॉलेजात होतो, सिंगापूरला सहा महिन्यांच्या अंतरानं आलो, लग्नाआधी दीड वर्ष एका खोलीत राहिलो. तो बँकेच्या आयटीत लागला. लग्नानंतर वहिनी नाशिकहून आल्या, मुलगी झाली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, सेंगकांगला फ्लॅट घेतला. वहिनी तिथल्याच मॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात काम करतात. समोरच्याच्या नाकावर चष्मा बसवून, दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून बघायची त्यांची सवय घरीसुद्धा सुटलेली नाही. तुम्ही बोलत असलात की त्या तशाच बघतात.

मित्राचं कॅसिनोत जाणं ऑफिसच्या एका जेवणानंतर सुरू झालं. आधी चौघं-पाचजण जायचे, मग दोघं, मग तो एकटा. शनिवारी दुपारी 'जिमला जातो' म्हणून निघायचा. मला ते माहीत होतं. मी त्याला एकदा-दोनदा टोकलं, तो हसला, मीही हसलो. वहिनींना कळलं तेव्हा मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेलं सगळं गेलेलं होतं. त्या रडल्या-ओरडल्या नाहीत. कुठूनतरी माहिती काढली, कुटुंबाच्या वतीनं प्रवेशबंदीचा अर्ज करता येतो हे शोधलं, दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन सगळे कागद दिले, मुलाखतीला एकट्या बसल्या. बंदी लागू झाली. पत्र घरी आलं आणि अर्ज कुणी केला हे त्याला कळलं.

आठ महिने तो त्यांच्याशी बोलला नाही. त्यांनी केलेलं जेवायचा, त्यांनी इस्त्री केलेले शर्ट घालायचा, आणि काही सांगायचं झालं तर मुलीला सांगायचा, "तुझ्या आईला सांग." त्या आठ महिन्यांत मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यांना म्हणालो, "वहिनी, थोडं सबुरीनं घ्यायला हवं होतं. त्याला आधी विश्वासात घ्यायचं."

त्या म्हणाल्या, "साखर किती?"

तर अशा बाईंना मी ओळखतो म्हणालो होतो. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं होतं, मित्र पुन्हा बोलायला लागला होता, दोघं गणपतीत जोडीनं मंडळात यायचे. मी त्यांच्या दुकानात गेलो, चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून. त्यांनी स्क्रू आवळता आवळता सगळं ऐकून घेतलं.

"नाव येणार नाही ना?"

"अजिबात नाही."

"यांना सांगावं लागेल मला. लपवून काही करायचं नाही असं ठरवलंय आता."

"सांगा की."

त्यांनी चष्मा माझ्या डोळ्यांवर बसवला, मागं सरून पाहिलं. "भावजी, मी येईन. पण मी जे म्हणेन ते तसंच्या तसं जायला हवं. नाहीतर मला बोलवू नका."

"तुमचा शब्द न् शब्द मीच लिहून घेणार आहे," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

त्या आल्या त्या दिवशी खोलीत चौघंच होतो: वहिनी, ते अधिकारी, डिरेक्टर आणि लॅपटॉप घेतलेला मी. वहिनी दुकानाच्या काळ्या शर्टातच आल्या होत्या. त्यांनी घरी इंग्रजीत टिपणं काढली होती, पण कागद पर्समधून बाहेर काढला नाही. त्या जे बोलल्या ते मी आता मराठीत सांगतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतील, अर्थ होणार नाही. तेवढी शिकवण मला पुरेशी मिळालेली आहे.

त्या म्हणाल्या, "दार बंद करायला तुम्ही तयार होतात, त्याबद्दल मी आभारी आहे. पण कडी घालायला माझा हात लागला. माझे मिस्टर तिथं किती वेळा गेले असतील. येता-जाता त्यांना बघणारी किती माणसं असतील. त्यांच्यातलं आधी कुणी काही बोललं नाही. सगळे माझी वाट बघत होते. मी बायको होते, मला राखणदार केलंत. आता ते बाथरूममध्ये फोन घेऊन गेले तरी मी दाराशी कान लावते. मला हे काम नको होतं. तुमच्या नव्या योजनेत एवढंच लिहा की पहिलं पाऊल घरच्यांनीच टाकायचं, असं यापुढे असणार नाही."

अधिकाऱ्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "घरच्यांखेरीज इतरही मार्ग आहेत, मॅडम. पण ते तुमच्यापर्यंत पोचले नाहीत. आणि पोचले नाहीत म्हणजे तुमच्या दृष्टीनं ते नव्हतेच."

"हो," वहिनी म्हणाल्या.

"हे लिहायला हवं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान डोलावली. शब्द न् शब्द लॅपटॉपमध्ये होता.

वहिनींना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलकं झालेलं होतं. म्हणाल्या, "पहिल्यांदाच कुणी मधे न बोलता ऐकलं."

आता ते वाक्य कसं झालं ते सांगतो. कुणी दुष्टपणा केला असता तर सांगायला सोपं गेलं असतं.

आधी लांबी आली. आराखड्यात प्रत्येक खांबाच्या सुरुवातीला एका माणसाचं बोलणं टाकायचं ठरलं होतं, रंगीत चौकटीत, दोन ओळींत. वहिनी तर चांगला परिच्छेदभर बोलल्या होत्या. मी बाथरूमचं वाक्य काढलं, ते फार खासगी होतं. येता-जाता बघणाऱ्या माणसांचं काढलं, कारण त्यातून कुणावर तरी आरोप झाल्यासारखं वाटलं असतं आणि त्या कुणाची बाजू आम्ही ऐकलेली नव्हती. हे दोन्ही निर्णय मला आजही अगदीच चुकीचे वाटत नाहीत. हीच गोम आहे. उरलं ते असं: 'मी बायको होते, मला राखणदार केलंत. पहिलं पाऊल घरच्यांनीच टाकायचं, असं नको.'

डिरेक्टर म्हणाली, "सूर तक्रारीचा आहे. बाकीच्या तीन चौकटी बघ. एकटी हीच चौकट रडते आहे."

बाकीच्या तीन चौकटी मी पाहिल्या. तिथं माणसं अभिमान बाळगत होती, उत्सुक होती, कटिबद्ध होती.

मी 'मला राखणदार केलंत'चं 'मी राखणदार झाले' केलं. व्याकरणाची एक छोटी उलथापालथ. करणारा गेला की तक्रारही जाते, हे मी या धंद्यात शिकलो होतो. मग दुसरं वाक्य एकटं पडलं. राखणदार झाले म्हणते आहे आणि पहिलं पाऊल नको म्हणते आहे, हे जुळेना. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मसुदा पाठवायचा होता. मी 'नको' काढलं.

शेवटी चौकटीत हे गेलं: 'कुटुंब हाच पहिला राखणदार असतो. मी पहिलं पाऊल टाकलं, म्हणून आमचं घर सावरलं. — एक पत्नी.'

घर सावरलं हे वहिनी कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते माझ्याकडचं. वाक्याला शेवट लागतो.

मसुद्यावरच्या शेवटच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी ते पान उघडलं आणि बराच वेळ तिथंच थांबले. पाण्याची बाटली बाजूला सरकवली. मग मला थेट विचारलं, "त्या हे असं म्हणाल्या होत्या?"

खोलीत त्यांची नऊ आणि आमची चार माणसं होती. डिरेक्टर माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे बघत होती. माझा पीआरचा अर्ज तेव्हा दुसऱ्यांदा परत आला होता, पासची मुदत चार महिन्यांत संपत होती, आणि पुढच्या टप्प्याच्या कामावर माझं नाव मी स्वतः पाहिलेलं होतं. ही कारणं मी आता जुळवतोय. त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त एवढंच होतं की 'नाही' म्हटलं तर उरलेली दुपार मला समजावत बसावं लागेल.

"सारांश तोच आहे," मी म्हणालो.

"माझ्या लक्षात वेगळं राहिलंय."

"टिपणं माझ्याकडे आहेत, सर."

टिपणं माझ्याकडे होतीच. त्यांनी मागितली असती तर मी दिली असती, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. त्यांनी मागितली नाहीत. मी त्या बाईंच्या ओळखीचा होतो; माझ्यावर विश्वास ठेवणं त्यांना रास्त वाटलं. त्यांनी पान उलटलं.

पुस्तिका देखणी झाली. जाड कागद, निळं मुखपृष्ठ. मला कंपनीत शाबासकी मिळाली. आणि मी, काय म्हणावं मला, एका रविवारी दुपारी दोन प्रती घेऊन सेंगकांगला गेलो. वाटलं असावं की छापलेलं पाहून वहिनींना बरं वाटेल. त्या कदाचित बारकाईनं वाचणारही नाहीत.

मित्र सोफ्यावर होता. मुलगी जेवणाच्या टेबलाशी पॉलिटेक्निकचा अभ्यास घेऊन बसलेली. वहिनींनी हात पुसले, चष्मा लावला, चौकट वाचली. पुन्हा वाचली. मग मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"हे मी म्हटलं?"

"वहिनी, जागा कमी होती. त्यांची एक पद्धत असते."

"जागा कमी होती म्हणून 'नको'चं 'हो' झालं?"

मी काहीतरी बोललो. पुढच्या टप्प्यात तुमचा मुद्दा घेऊ, असं काहीतरी. मुलीनं दुसरी प्रत ओढून घेतली आणि वाचली. तिला सगळं ठाऊक होतं. ते आठ महिने दोघांचे निरोप तिनंच पोचवले होते. तिनं इंग्रजीतच विचारलं, "अंकल, हे तुम्ही लिहिलंत?"

"टीमनं लिहिलं."

"टीम काय टीम, लाह," इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' लावून ती म्हणाली. "आई असं बोलतच नाही."

मित्रानं हात पुढे केला. "बघू." त्यानं वाचलं आणि तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "वा. म्हणजे सरकारनंच नेमणूक केली की तुझी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "छान लिहिलंयस रे."

वहिनी आत गेल्या. मी दहा मिनिटं बसलो, मित्रानं क्रिकेटचा विषय काढला, आणि मी निघालो. एलआरटीच्या गाडीत माझ्यासमोर एक जोडपं बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून हुज्जत घालत होतं. माझा डोळा लागला. मला त्या दिवशी छान झोप आली, हेही नोंदवून ठेवतो.

पुढचं मला थोडं मुलीकडून कळलं, थोडं मित्राकडून. त्यानं ते पान पुस्तिकेतून कापून फ्रिजवर लावलं, चुंबकानं. गंमत म्हणून. भाजी आणायला उशीर झाला, लाइट चालू राहिला, की म्हणायचा, "राखणदार, लक्ष कुठंय?" वहिनींनी पान काढलं तर त्यानं दुसऱ्या प्रतीतलं लावलं. ती दुसरी प्रतही मीच नेऊन दिली होती.

त्याच सुमारास तो फोनवर खेळायला लागला होता, परदेशातल्या कुठल्यातरी बेकायदा साइटवर. वहिनींना शंका आली, त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मला काय विचारतेस? बघणं तुझं काम आहे. छापून आलंय." हे त्यानं मला स्वतः सांगितलं, काहीतरी फार हुशारीचं बोलून आल्यासारखं. आम्ही एका हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो. मी तेव्हाही त्याच्या थोबाडीत मारली नाही. म्हणालो, "असं नको बोलूस." त्यानं विचारलं, "का? तूच लिहिलंयस ना?" आम्ही उठलो, ट्रे परत ठेवले आणि आपापल्या वाटेनं गेलो.

सात-आठ महिन्यांनी वहिनी मुलीला घेऊन मरीन परेडला राहायला गेल्या. एका वयस्क बाईंच्या फ्लॅटमधल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, दुकानाची दुसरी शाखा त्या बाजूला होती तिथं बदली मागून घेतली. यावेळी त्यांनी कुठलाच अर्ज केला नाही, कुणाला कळवलं नाही. मित्राची नोकरी नंतरच्या वर्षी गेली. तो आता पुण्यात भावाकडे असतो. पिणं नाही, भांडणं नाही. दिवसभर फोन बघतो, असं त्याचा भाऊ सांगतो. मंडळात लोक हळहळले आणि वहिनींबद्दल म्हणाले की बाई जरा कडकच होती, आधीच त्याला विश्वासात घ्यायला हवं होतं. हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं ते मला आठवत होतं.

मला पुढच्या टप्प्याचं काम मिळालं. पासही वाढला.

दोन वर्षांनी आराखड्याचा मधला आढावा निघाला. तेच अधिकारी होते; निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. चौथ्या खांबावर आलो तेव्हा त्यांनी सगळ्यांना कॉफीसाठी सोडलं आणि मला थांबवून घेतलं.

"ते वाक्य," ते म्हणाले. "मी माझी वही नंतर काढून बघितली होती. मीही लिहून घेत होतो त्या दिवशी."

मी उभाच होतो.

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पुस्तिका छापून झाली होती, म्हणून सोडून दिलं. चूक माझीही आहे." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "आता दुरुस्त करता येईल. त्यांना पुन्हा बोलवा. या वेळी मी स्वतः लिहून घेईन आणि त्या सही करतील तेच छापू. त्यांचा मुद्दा बरोबर होता. तो मला आराखड्यात हवा आहे."

मी मरीन परेडला गेलो नाही, तेवढं धाडस नव्हतं. फोन केला. वाटलं नव्हतं, पण वहिनींनी उचलला. मी सगळं सांगितलं, अधिकारी काय म्हणाले ते जसंच्या तसं, स्वतःचं एक अक्षर न घालता. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मागं दुकानातली माणसं बोलत होती, कुणीतरी लहान मूल डोळ्यांच्या तपासणीला तयार नव्हतं.

"ते चांगले गृहस्थ आहेत," वहिनी म्हणाल्या. "त्यांना माझा नमस्कार सांगा."

"मग याल?"

"नाही."

"वहिनी, या वेळी खरंच तुमचेच शब्द असतील. सही तुमची असेल."

"भावजी, तेव्हा माझं घर होतं. त्यात माझं काही बरंवाईट होणार होतं, म्हणून मी बोलायला आले. आता कशासाठी येऊ? तुमचं पान नीट व्हावं म्हणून?"

"दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

त्यांनी तिकडे कुणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं. मग म्हणाल्या, "असेल. पण ते तुम्ही म्हणू नका मला." आणि समोर गिऱ्हाईक आहे, एवढं सांगून फोन ठेवला.

अधिकाऱ्यांना मी सांगितलं की त्या येणार नाहीत. त्यांनी कारण विचारलं नाही. मी माझी जुनी टिपणं त्यांना द्यायला निघालो तर ते म्हणाले, "त्यांच्या परवानगीशिवाय आता काहीच वापरायचं नाही." बरोबरच होतं ते. चौकट काढून टाकायची ठरली. तिच्या जागी काही न ठेवता पान तसंच पुढे गेलं, आणि आढाव्याच्या तक्त्यात चौथ्या खांबापुढे, कुटुंबाचा प्रतिनिधी या रकान्यात, मी 'उपलब्ध नाही' असं लिहिलं.